मत्स्यचक्र : माशांचे थवे गोल का फिरतात?

उष्ण कटिबंधातील समुद्राच्या स्वच्छ पाण्यात, प्रवाळांच्या कड्यालगत, कधी कधी एक विलक्षण दृश्य दृष्टीस पडते. शेकडो, क्वचित हजारो मासे एका अदृश्य खांबाभोवती प्रदक्षिणा घालीत असतात. प्रत्येकाचे तोंड पुढच्याच्या शेपटीकडे असते, सर्वांची गती जवळजवळ सारखी असते, आणि मध्यभागी पाण्याचा एक पोकळ स्तंभ मोकळा राहिलेला असतो. दुरून पाहणाऱ्यास हा पाण्यातील भोवराच वाटावा. परंतु भोवऱ्यात पाणी फिरते आणि त्यात सापडलेल्या वस्तू निमूटपणे फिरतात. येथे मासे आपल्याच बळावर फिरत असतात. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे ट्रेव्हॅली माशांची व मलेशियातील सिपादान बेटाजवळ बॅराकुडा माशांची अशी चक्रे पाणबुड्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. हेरिंग, तारली, बांगडा, कुपा ह्यांच्या कुळांतील, थव्याने राहणाऱ्या इतर अनेक माशांतही ही प्रवृत्ती आढळते.

घाण्याचा बैल गोल फिरतो, कारण त्याच्या मानेवर जू असते आणि ते जू घाण्याला जोडलेले असते. माशांच्या चक्रात ना जू आहे, ना खांब, ना हाकणारा. थव्याला कोणी नायक नसतो, आणि हजार माशांच्या मध्ये पोहणाऱ्या एखाद्या माशाला सबंध चक्राचा आकार दिसणेही शक्य नाही. असे असता एवढी सुबक रचना कशी निर्माण होते?

ह्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि ते वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. पहिला भाग असा की, चक्र घडते कसे? दुसरा असा की, त्यापासून माशांना लाभ कोणता? पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याचे उत्तर म्हणून दिले जाते. शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून मासे गोल फिरतात, असे म्हटले की समाधान होते; परंतु त्यातून चक्र घडते कसे, हे मुळीच कळत नाही. म्हणून प्रथम पहिल्या प्रश्नाकडे वळणे योग्य होईल.

जमाव आणि थवा

सर्वच मासे थव्याने राहतात असे नाही. माशांच्या जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती जन्मभर थव्याने राहतात आणि सुमारे निम्म्या जाती आयुष्याचा काही काळ तरी तशा राहतात, असा अंदाज केला जातो. येथे थवा आणि जमाव ह्यांत भेद करावा लागतो. अन्नाचा तुकडा पाण्यात टाकताच भोवती गोळा होणारे मासे हा नुसता जमाव होय. त्यांची तोंडे वाटेल त्या दिशेला असतात. मासे एकमेकांपासून ठराविक अंतर राखून, एकाच दिशेला व एकाच वेगाने पोहू लागले, म्हणजे त्या जमावाचा थवा बनतो. हाच थवा स्वतःभोवती वळून बंद झाला, की चक्र तयार होते.

जमाव, सरळ जाणारा थवा आणि चक्र ही तीन निरनिराळ्या प्राण्यांची लक्षणे नव्हेत. तेच मासे थोड्या वेळात एका स्थितीतून दुसरीत जातात. हे ध्यानात आले म्हणजे चक्रासाठी वेगळी प्रेरणा शोधण्याची गरज उरत नाही; थवा ज्या नियमांनी बांधला जातो, त्याच नियमांत चक्राचे मूळ शोधावे लागते.

डोळे आणि पार्श्वरेखा

शेजारचा मासा कोठे आहे व कसा चालला आहे, हे माशाला दोन मार्गांनी कळते. पहिला मार्ग दृष्टीचा. बहुतेक माशांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यांना पुढचे व बाजूचे पुष्कळ दिसते. केवळ नेमके मागचे दिसत नाही. दुसरा मार्ग पार्श्वरेखेचा. माशाच्या दोन्ही कुशींवर, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेत सूक्ष्म केसांसारख्या संवेदनपेशी असतात. त्यांवर मऊ, चिकट पदार्थाची टोपी असते. शेजारच्या माशाच्या हालचालीने पाणी किंचित सरकले, तरी ही टोपी कलते आणि पेशींना त्याची वार्ता लागते. स्पर्श आणि श्रवण ह्यांच्या मधले हे एक इंद्रिय आहे असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या दोन इंद्रियांचे कार्य किती, हे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट केले. टोनी पिचर, ब्रायन पार्ट्रिज व क्लेमंट वॉर्डल ह्या संशोधकांनी कॉड माशाच्या कुळातील सेथ नावाच्या माशांपैकी पाच माशांच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणे बसविली आणि त्यांना एकेक करून कड्याच्या आकाराच्या टाकीत फिरणाऱ्या २५ डोळस माशांच्या थव्यात सोडले. न दिसताही हे मासे थव्यात सामील झाले व आपली जागा राखून पोहत राहिले. परंतु ज्या पाच माशांचे डोळे झाकून शिवाय पार्श्वरेखेचा संवेदनमार्गही कल्ल्याजवळ तोडला होता, त्यांना थव्यात राहणे साधले नाही. ह्यावरून असे दिसते की, दृष्टी शेजाऱ्याचे स्थान सांगते, आणि पार्श्वरेखा त्याच्या वेगातील व दिशेतील फरकाची खबर देते. दोन्ही वार्ता फक्त जवळच्या शेजाऱ्यांच्या असतात. सबंध थव्याची वार्ता कोणत्याही माशाला मिळत नाही.

लहान नियम, मोठी रचना

थवा हा अशा स्थानिक प्रतिक्रियांतून आपोआप घडतो, हा विचार तसा जुना आहे. आल्बर्ट पार ह्यांनी १९२७ सालीच थव्याची उपपत्ती दृष्टीतून उद्भवणाऱ्या यांत्रिक प्रतिक्रियांच्या आधारे मांडली. पुढे चार्ल्स ब्रीडर ह्यांनी थव्याच्या रचनेला गणिताची भाषा देण्याचा प्रयत्न केला आणि १९६५ साली भोवरे व मत्स्यथवे ह्यांतील साम्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. परंतु शेकडो मासे क्षणोक्षणी एकमेकांवर जो परिणाम करतात, त्याचा हिशेब कागदावर मांडणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तो हिशेब संगणकाने शक्य केला. जपानचे इचिरो आओकी ह्यांनी १९८२ साली संगणकावर कृत्रिम थवा चालवून दाखविला. २००२ साली इयन कझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानाने चक्राच्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकला.

त्या प्रतिमानातील प्रत्येक मासा तीनच नियम पाळतो. माशाभोवती एकात एक अशी तीन क्षेत्रे आहेत अशी कल्पना करावी. सर्वांत आतल्या क्षेत्रात कोणी आला तर मासा त्याच्यापासून दूर सरतो. हे अपसरण होय. त्याबाहेरच्या क्षेत्रातील शेजारी ज्या दिशेने चालले असतील, त्या दिशेला तो आपले तोंड वळवितो. हे अनुसरण होय. त्याहूनही बाहेरच्या क्षेत्रात जे असतील त्यांच्याकडे तो ओढला जातो. हे आकर्षण होय. गर्दीने भरलेल्या यात्रेत चालणारा मनुष्य साधारणतः हेच करतो. तो धक्का लागू देत नाही, लोक जातात तिकडे जातो, आणि आपली माणसे दूर गेलेली दिसली की त्यांच्याकडे पावले वळवितो.

आता ह्या तीन नियमांतील अनुसरणाचे क्षेत्र लहानमोठे करून पाहिले, तेव्हा असे आढळले की, ते अगदी लहान असता माशांचा नुसता घोळका बनतो. ते पुष्कळ मोठे असता सर्व मासे एका दिशेला सरळ निघून जातात. ह्या दोहोंच्या मध्ये, जेव्हा आकर्षणाचे क्षेत्र मोठे पण अनुसरणाचे क्षेत्र बेताचे असते, तेव्हा मासे आपोआप चक्राकार फिरू लागतात. गोल फिरा, अशी आज्ञा प्रतिमानात कोठेही नसते.

ह्याचे कारण समजण्यासाठी थव्याच्या कडेला असलेल्या एका माशाचा विचार करावा. त्याच्या एका बाजूस सोबती आहेत आणि दुसऱ्या बाजूस रिकामे पाणी. आकर्षणामुळे तो सोबत्यांच्या बाजूस किंचित वळतो. परंतु तो थांबू शकत नाही आणि एकदम काटकोनात वळूही शकत नाही. त्याला पुढे जावयाचेच असते. क्षणभराने पाहावे तर सोबती पुन्हा त्याच बाजूस आणि रिकामे पाणी पुन्हा दुसऱ्या बाजूस. तो पुन्हा किंचित आत वळतो. असे सारखे वळत राहण्याचा परिणाम म्हणजेच गोल मार्ग होय. गोफणीतील दगड सुटून सरळ जाऊ पाहतो आणि दोरी त्याला आत ओढते, म्हणून तो फिरतो; येथे दोरीचे काम सोबत्यांची ओढ करते. सर्व मासे एकाच दिशेने फिरतात, कारण उलट दिशेने येणाऱ्यास शेजाऱ्यांमुळे तोंड फिरवावे लागते. ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतील की उलट, हे मात्र प्रारंभीच्या एखाद्या क्षुल्लक वळणावर ठरते. मध्यभाग रिकामा राहतो, कारण तेथे पोहण्यासाठी फारच आखूड वळण घ्यावे लागेल व सर्वांची गर्दी होऊन अपसरणाचा नियम मोडेल.

प्रतिमानातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. नियम तेच, अंतरे तीच, तरीही थवा चक्राकार फिरेल की सरळ जाईल, हे तो आधी कोणत्या स्थितीत होता ह्यावर अवलंबून राहू शकते. कोणत्याही माशाला गतकाळाची आठवण नसताना सबंध थवा मात्र जणू आठवण ठेवतो. ह्या गुणाला संशोधकांनी सामूहिक स्मृती असे नाव दिले आहे.

टाकीतील पुरावा

संगणकातील मासे म्हणजे खरे मासे नव्हेत. प्रतिमानात जे घडते ते निसर्गात घडते काय, हे पाहावयास खरे मासेच घ्यावे लागतात. असा प्रयोग गोल्डन शायनर ह्या उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या लहान माशांवर झाला. त्याचे निष्कर्ष कोल्ब्योर्न टुनस्ट्रम, इयन कझिन व इतरांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. उथळ पाण्याच्या टाकीत ३०, ७०, १५० आणि ३०० माशांचे गट सोडून वरून त्यांचे चित्रण केले गेले आणि प्रत्येक क्षणी प्रत्येक माशाची दिशा मोजली गेली. मासे तीनच ठळक स्थितींत आढळले: विस्कळीत घोळका, एका दिशेने जाणारा थवा आणि चक्र. बाहेरून कोणीही न डिवचता ते एका स्थितीतून दुसरीत जात. गट जितका मोठा, तितका तो चक्राच्या स्थितीत अधिक काळ राही. चक्र ही घाबरलेल्या माशांची खास युक्तीच असली पाहिजे, हा समज ह्या निरीक्षणाने दूर झाला. शांत पाण्यात, शत्रू नसतानाही ते घडते.

खऱ्या माशांनी प्रतिमानात दुरुस्तीही करावयास लावली. याएल कॅट्झ व सहकाऱ्यांनी २०११ साली ह्याच जातीच्या दोन-दोन व तीन-तीन माशांच्या हालचाली बारकाईने तपासल्या. शेजाऱ्याची दिशा पाहून मासा मुद्दाम तशी दिशा धरतो, ह्याचा स्पष्ट पुरावा त्यांना आढळला नाही. मासा प्रामुख्याने आपला वेग बदलतो. शेजारी पुढे असेल तर तो वेग वाढवितो, मागे राहिला तर कमी करतो. आणि एवढ्यानेच दोघे समांतर चालू लागतात. म्हणजे अनुसरण हा वेगळा नियम नसून इतर नियमांचा परिणाम असू शकतो. शास्त्रात प्रतिमानाचे महत्त्व असेच असते. ते निसर्गाची जागा घेत नाही. निसर्गाला कोणता प्रश्न विचारावा, हे ते सांगते.

नियम किती थोडे पुरतात, ह्याचा एक वेगळा दाखला २०२१ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दिला. फ्लोरियन बर्लिंगर, मेल्व्हिन गाउची व राधिका नागपाल ह्यांनी माशाच्या आकाराचे छोटे यांत्रिक मासे बनविले. प्रत्येकावर निळे दिवे व दोन कॅमेरे होते. समोर दुसरा यांत्रिक मासा दिसला तर एका बाजूस किंचित वळावे, न दिसला तर दुसऱ्या बाजूस वळावे, एवढाच नियम त्यांना घालून दिला होता. त्यांना बाहेरून कोणी चालवीत नव्हते आणि एकमेकांना ते कोणताही संदेश पाठवीत नव्हते. तरीही ते टाकीत गोल फिरू लागले.

चक्राचा उपयोग

चक्र आपोआप घडते हे मान्य केले म्हणजे दुसरा प्रश्न अधिक सावधपणे विचारता येतो. जे आपोआप घडते ते उपयुक्तच असते असे नाही. पनामातील बारो कोलोरादो बेटावरील लष्करी मुंग्यांचा एक वृत्तांत टी. सी. श्नाइर्ला ह्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. मुख्य तांड्यापासून तुटलेल्या मुंग्यांची एक तुकडी एकमेकींच्या गंधाचा माग काढीत गोल फिरू लागली आणि फिरता फिरताच मरून पडली. फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झां आंरी फाब्र ह्यांनी एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढलेल्या सुरवंटांची रांग सलग सात दिवस त्याच काठावरून फिरताना पाहिली होती. पुढच्याच्या मागे जा, हा नियम एरवी हिताचा. रांगेचे टोक तिच्याच शेवटाला मिळाले, की तोच नियम सापळा होतो.

माशांवर असा प्रसंग सहसा येत नाही. मुंगी गंधाच्या रेषेला बांधलेली असते. माशाला चहूकडे दिसते, आणि एका माशाने दचकून दिशा बदलली तरी ती हालचाल शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे लाटेसारखी पसरते. ही लाट माशाच्या स्वतःच्या पोहण्यापेक्षाही वेगाने थव्यातून जाऊ शकते, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री राडाकोव्ह ह्यांनी दाखविले आहे. अशा लाटेने चक्र क्षणात मोडते व गरज सरल्यावर पुन्हा जुळते. चक्र सहज जुळणे आणि सहज मोडणे, ह्या दोन्ही गोष्टी माशांच्या हिताच्या आहेत.

मग चक्रापासून होणारे लाभ कोणते? पहिला लाभ असा की, मासा न थांबता एका जागी राहू शकतो. बांगडा व कुपा ह्यांच्या कुळातील पुष्कळ मासे तोंड उघडे ठेवून सतत पुढे पोहत असतात आणि त्यामुळेच कल्ल्यांवरून पुरेसे पाणी वाहून त्यांना प्राणवायू मिळतो. अशा माशाने पोहणे थांबविले तर त्याचा श्वास कोंडतो. अन्नाची किंवा आसऱ्याची जागा न सोडता चालत राहावयाचे, तर गोल फिरण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय सोबतही सुटत नाही.

दुसरा लाभ संरक्षणाचा. १९७१ साली विल्यम हॅमिल्टन ह्यांनी एक कल्पित उदाहरण मांडले होते. तळ्यात साप आहे आणि काठावर बेडूक बसले आहेत. साप वर येऊन जवळच्या बेडकाला पकडणार. अशा वेळी प्रत्येक बेडूक दोन बेडकांच्या मध्ये उडी मारू पाहतो, आणि अखेर सर्वांचा ढीग होतो. कोणाच्याही मनात परोपकार नसताना गर्दी जमते. माशांच्या थव्यालाही हा तर्क लागू पडतो. त्यात भर पडते ती भक्षकाच्या गोंधळाची. नील व कलन ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकूळ, पाईक, पर्च इत्यादी भक्षकांसमोर माशांचे लहानमोठे गट ठेवले होते. गट वाढला तसे हल्ल्यांतील यश घटले. एकसारखे दिसणारे, एकसारखे हलणारे शेकडो मासे समोर असले, की त्यांतील एकावर नजर खिळविणे कठीण जाते. सरळ जाणाऱ्या थव्यात अग्रभागी असणाऱ्यांना विशेष धोका असतो. चक्राला अग्रभाग आणि पिछाडी असा भेदच नसतो, हाही त्याचा एक फायदा असावा असे अनुमान आहे.

हे कवच अभेद्य मात्र नाही. भाल्यासारखे लांब तोंड असलेला सेलफिश तारलीच्या कुळातील माशांच्या थव्यात आपले तोंड हळूच सारतो आणि मग एका झटक्याने ते आडवे फिरवून मासे जखमी करतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. थव्यात शिरलेल्या त्या बारीक तोंडाला चुकविण्याची हालचाल मासे करीत नाहीत. शत्रूने थव्याची रीत ओळखली, की ती रीतच दुबळेपणा ठरते.

सर्व चक्रे संरक्षणासाठी असतात असेही नाही. आयर्लंडच्या क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यालगत २०१६ ते २०२१ ह्या काळात बास्किंग शार्क ह्या महाकाय माशांची चक्रे पाहण्यात आली. त्यांत नर व मादी दोन्ही होते आणि हे त्यांचे प्रणयाराधन असावे, असा निष्कर्ष २०२२ साली मांडला गेला. लक्षद्वीपच्या दक्षिणेस मालदीवमधील हनिफारू उपसागरात मांटा जातीचे पाकट मासे सूक्ष्म जीवांच्या दाट पाण्यात एकामागोमाग गोल फिरून अन्न गोळा करतात. आकृती एक, प्रयोजने अनेक, असा हा प्रकार आहे. थव्याचे साधे नियम चक्र घडवितात. ज्या जातीला त्याचा जसा उपयोग झाला, तसा तिने तो करून घेतला.

चक्र आणि जाळे

माशांच्या ह्या सवयीचा मनुष्यालाही फार पूर्वीपासून परिचय आहे. कोकण व गोवा ह्यांच्या किनाऱ्यावरील रापण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पाण्याचा बदललेला रंग किंवा घिरट्या घालणारे पक्षी ह्यांवरून थवा हेरला जातो. होडीतून लांबच लांब जाळे सोडून थव्याला अर्धवर्तुळाकार वेढा दिला जातो आणि जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढून घेतात. यांत्रिक नौकांचे पर्ससीन जाळे हाच वेढा खोल पाण्यात पुरा करते. ते थव्याभोवती गोल सोडतात व बटव्याची नाडी आवळावी तसा त्याचा तळ दोराने आवळून घेतात. पसरून राहणारे मासे एकेक करून पकडावे लागले असते. थव्याने राहणारे एका फेऱ्यात हाती येतात. भक्षकासमोर एकमेकांना चिकटून राहणे हिताचे. जाळ्यासमोर तेच घाताचे.

ह्यातून एक फसवा प्रकार उद्भवतो. समुद्रातील माशांची संख्या घटली, तरी उरलेले मासे पूर्वीसारखेच दाट थवे करून राहतात. थवे कमी होतात, पण सापडलेला थवा भरगच्चच असतो. यंत्रांच्या साहाय्याने थवा शोधून काढणाऱ्या नौकेला जाळे भरलेले दिसते आणि मासा मुबलक आहे असे वाटत राहते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यालगतच्या कॉड माशाच्या बाबतीत असेच घडले. साठा खालावत असताना कॉड लहान क्षेत्रात दाटीने गोळा झाले होते, आणि त्यामुळे नौकांना मिळणारे उत्पन्न घटण्याऐवजी वाढलेले दिसत होते. अखेर जुलै १९९२ मध्ये ही मासेमारी बंद करावी लागली आणि तिच्यावर जगणाऱ्या हजारो कुटुंबांचा व्यवसाय एकाएकी थांबला. ती बंदी औपचारिकरीत्या उठण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

उलट उदाहरणही आहे. ज्या काबो पुल्मोचा उल्लेख आरंभी आला, तेथील प्रवाळक्षेत्र अतिरेकी मासेमारीने क्षीण झाले होते. स्थानिक रहिवाशांच्या आग्रहामुळे १९९५ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि रहिवाशांनी स्वतः त्याची राखण केली. १९९९ ते २००९ ह्या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वजन ४६० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे पाहणीत आढळले. तेथील ट्रेव्हॅलींची प्रचंड चक्रे पाहावयास आज दूरदूरचे लोक येतात.

भारतातही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै व पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस खोल समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते. माशांना प्रजोत्पादनास अवसर मिळावा, हा तिचा एक हेतू आहे. परंतु केवळ बंदीचे दिवस मोजून भागत नाही. थव्याची रीत समजलेल्या शास्त्रज्ञाला हे ठाऊक असते की, एका जाळ्यात आलेल्या माशांवरून समुद्रातील साठ्याचा अंदाज करणे धोक्याचे आहे. म्हणूनच थवे किती क्षेत्रात पसरले आहेत, पकडलेल्या माशांचे वय काय, आणि एक थवा सापडण्यास किती वेळ व श्रम खर्च झाले, ह्या सर्व गोष्टींची नोंद ठेवावी लागते. बंदरावर उतरलेल्या मासळीचे वजन, लांबी व वय ह्यांची वर्षानुवर्षे चालणारी मोजदाद कंटाळवाणी वाटते; परंतु साठा खालावत असल्याची पहिली सूचना तिच्यातूनच मिळू शकते.

चक्रात फिरणाऱ्या माशाला त्याचे चार-दोन शेजारी तेवढे कळतात. आपला थवा लाखाचा आहे की हजाराचा, गेल्या वर्षी केवढा होता, हे जाणण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. शेवटचा थवाही पहिल्या थव्याइतक्याच निश्चिंतपणे गोल फिरत राहील. ते चक्र बाहेरून पाहणे, त्याची मोजदाद ठेवणे आणि जाळे केव्हा टाकावयाचे नाही हे ठरविणे, हे काम मनुष्यालाच करावे लागेल.